कोठीवरचा कारकून होण्याआधी

आदरणीय सर,

आपण अकोट तालुक्यातले. जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षे इतिहास शिकवून यंदा 58 व्या वर्षी निवृत्त झालात. नरनाळ्याचा डोंगर आपल्या गच्चीवरून दिसतो. आणि आता हाताशी वेळ आहे तर जुन्या काळचा पोशाख चढवून, किल्लेदार बनून, गडावर येणाऱ्यांना इतिहास सांगावा असे आपल्या मनात आहे. पोशाख कोठून आणावा, परवानगी कोणाची लागते, यातून काही मिळते का आणि या वयात ते झेपेल का, असे चार प्रश्न आपण विचारले आहेत. मी अचलपूर तालुक्यातल्या शाळेतून निवृत्त झालो त्याला आता दहा वर्षे होतील आणि त्यांपैकी नऊ हिवाळे मी हेच काम केले आहे. चारही प्रश्नांवर मला जे ठाऊक आहे ते पुढे लिहिलेच आहे, पण आपण न विचारलेला एक प्रश्न त्या चारांच्या आधी येतो. आपण कोण व्हायचे, हा तो प्रश्न. पत्रात आपण 'किल्लेदार' हा शब्द लिहिलात आणि लगेच पोशाखाकडे वळलात, जणू ते ठरलेलेच होते. मीही असाच वळलो होतो.

पहिल्या वर्षी मी बेनीसिंह झालो. मेळघाटातल्या गाविलगड किल्ल्यावर 1803 साली इंग्रजांशी लढताना मारला गेलेला हा राजपूत सरदार आमच्याकडे सगळ्यांना किल्लेदार म्हणूनच ठाऊक आहे. शहरातल्या नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या एका दुकानातून मी मखमली अंगरखा, जरीचा कमरपट्टा आणि पत्र्याची तलवार आणली, मिशा चिकटवल्या आणि तालुक्यातल्या एका शाळेच्या पटांगणात दीडशे मुलांपुढे उभा राहिलो. आवाज चांगला लागला होता. लाबाड्याच्या बाजूने, म्हणजे उत्तरेकडून, इंग्रज अधिकारी स्टीव्हनसनच्या तोफा डोंगरातून कशा ओढून आणल्या, 13 डिसेंबरपासून तटावर मारा कसा सुरू झाला आणि 15 तारखेला तट फोडून इंग्रजांचे सैन्य आत कसे शिरले, हे मी तळहातावर वाचल्यासारखे सांगितले. मग दोन प्रश्न आले. चौथीतल्या एका मुलाने माझ्या पायांकडे पाहून विचारले, "गुरुजी, तवा रबराच्या चपला होत्या का जी?" मुले हसली, मीही हसलो. दुसरा प्रश्न त्या शाळेच्या बाईंनी सहज विचारला: वेढा पडला तेव्हा गडावर खायला काय होते आणि ते कोण मोजून देत होते? त्यावर मला एक वाक्य बोलता आले नाही. घरी आल्यावर तिसरी चूक माझी मलाच दिसली, आणि ती सर्वांत मोठी होती. बेनीसिंह 15 डिसेंबरला मेला. इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांच्यातला देवगावचा तह 17 डिसेंबरला झाला. मी बेनीसिंहाच्या तोंडून तहाची कलमे सांगून आलो होतो.

म्हणून जिवंत इतिहासाचे, म्हणजे जुन्या काळच्या वेशात तो काळ दाखवण्याचे, काम दोन तऱ्हांनी होते हे आधी समजून घ्यावे. व्याकरणातलेच शब्द येथे उपयोगी पडतात. प्रथमपुरुषी निरूपणात आपण त्या काळातला माणूस होतो, 'मी' म्हणून बोलतो, आणि त्या माणसाला जे ठाऊक असणे शक्य नव्हते ते आपल्यालाही ठाऊक नसते. तृतीयपुरुषी निरूपणात पोशाख, हत्यारे, भांडी त्या काळची असतात, हात त्या काळचे काम करत असतात, परंतु तोंड आजचे असते. 'तेव्हा ते असे करत' असे आपण सांगतो आणि कोणी 1803 नंतरचे काही विचारले तर मोकळेपणाने उत्तर देतो. स्वीडनमध्ये स्टॉकहोम येथे 1891 साली स्कान्सेन नावाचे उघड्यावरचे संग्रहालय सुरू झाले. खेड्यांतली जुनी घरे उचलून एका टेकडीवर मांडण्याची आणि त्यांत त्या त्या भागातल्या वेशातली माणसे दाखवण्याची पद्धत तेथून पुढे बऱ्याच देशांत पसरली. पण आपल्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही. नारदीय कीर्तनकार पूर्वरंगात स्वतःच्या तोंडाने निरूपण करतो, उत्तररंगात आख्यान लावतो, त्यात क्षणात हरिश्चंद्र होतो, क्षणात तारामती होतो आणि पुढच्या क्षणी उपरणे सावरून पुन्हा बुवा होऊन श्रोत्यांशी बोलू लागतो. श्रोत्यांचा कोठेही गोंधळ होत नाही. हे आत-बाहेर करणे मी कीर्तनातून शिकलो. आपणही महिनाभर एखाद्या चांगल्या कीर्तनकाराच्या पुढ्यात बसून तो वळण नेमके कोठे घेतो ते पाहावे, असे मी सुचवीन. सुरुवात मात्र तृतीयपुरुषीच करावी. पहिली दोन वर्षे तरी 'मी' हा शब्द जपून वापरावा.

आता कोण व्हायचे याकडे येतो. शूर माणसांचा आदर कमी लेखण्याचा माझा हेतू नाही, परंतु किल्लेदार ही भूमिका शिक्षकाला भाषणाकडे ओढते, आणि भाषण तर आपण 31 वर्षे केलेच आहे. किल्लेदाराच्या हाताला काम नसते. तो उभा राहतो, बोट दाखवतो आणि सांगतो. जिवंत इतिहासात पाहणाऱ्याची नजर हातांवर असते. हात काहीतरी करत असले की मुले आपोआप जवळ सरकतात, आणि जवळ आलेला माणूस प्रश्न विचारतो. म्हणून दुसऱ्या हिवाळ्यापासून मी धान्याच्या कोठीवरचा कारकून झालो. साठीच्या माणसाला ते शोभते, लिहिणे-वाचणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे, पाठ ताठ ठेवून तलवार उपसण्याची गरज नाही, आणि कोठी म्हटली की गडावरचे सगळेच जगणे तिच्या दाराशी येते: शिपाई येतो, पाणक्या येतो, घोड्याचा चारा येतो, बैलांवर गोण्या लादून तांडा येतो.

माझ्यापुढे काय असते ते सांगतो. मांडीपुढे एक उतरती लाकडी पेटी, तिच्यावर हातकागद. बोरूची लेखणी, जी मी ओढ्याकाठच्या बोरूची स्वतः तासतो. काजळी आणि बाभळीचा डिंक घोटून केलेली शाई. शाई टिपायला बारीक वाळूची डबी. टिपकागद नसलेल्या काळात ओल्या अक्षरांवर वाळू भुरभुरवत आणि मग कागद झटकत, हे पाहून मोठी माणसेसुद्धा थांबतात. शेजारी कापडी रुमालात बांधलेले दप्तर. आणि मापे: शेर, अधोली, पायली. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, त्याच्या वर मण आणि खंडी. पण एका मणाच्या पायल्या किती हे मुलखागणिक बदलत असे, आणि हे बदलणे लपवू नये, उलट तेच दाखवावे. एक मूल ज्वारी मापात भरते, दुसरे हाताने सपाट करते, मी मोडीत आकडा लिहितो. मग मी विचारतो की समजा पाचशे माणसे आहेत आणि प्रत्येकाला रोज एक शेर ज्वारी द्यायची आहे, तर महिन्याला किती पायल्या लागतील? दिवसाच्या सव्वाशे आणि महिन्याच्या पावणेचार हजार पायल्या हे उत्तर मुले स्वतः काढतात आणि मग पुढचा प्रश्न त्यांच्याच तोंडून येतो: एवढी ज्वारी डोंगरावर चढवली कोणी? त्या प्रश्नासाठी मी पहिल्या वर्षी दीड तास घसा कोरडा केला होता.

येथे आपल्या पिढीच्या एका ठेव्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे आपल्यापैकी काहींना अजून पाठ असतील. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, मुलांपुढे म्हणून दाखवा: साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. कारकुनाला तो का लागत होता हे मापे पुढे असताना सांगावेच लागत नाही. पोशाखावर मी खर्च केला त्याच्या दसपट परिणाम औटकीने केला आहे, आणि ती फुकट आहे.

मोडीचे मात्र शिकावे लागेल. पाहुण्याचे नाव मोडीत लिहून देणे ही माझ्याकडची सर्वांत लोकप्रिय गोष्ट आहे, आणि म्हणूनच तीत चूक करता येत नाही. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडी लिपीची परीक्षा घेते आणि त्याचे एक कार्यालय नागपुरास आहे. वर्ग आपल्या सोयीचा मिळाला तर बसावे, न मिळाल्यास घरी सराव करावा, पण परीक्षेच्या निमित्ताने अभ्यासाला शिस्त लागते हे शिक्षकाला मी वेगळे सांगायला नको. मोडी वाचू लागलात की कालगणनेचे कोडे आपल्यापुढे येईल. मराठी दप्तरांत शुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो: 'अर्बा मयातैन व अलफ' म्हणजे चार, दोनशे आणि हजार मिळून 1204, म्हणजेच 1803 च्या मृगापासून पुढचे वर्ष. मी हे एका चिठ्ठीवर लिहून ठेवतो आणि मुलांना ते फोडायला देतो.

यावरून दुसऱ्या महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. वर्ष ठरवा. शक्य झाले तर दिवसही ठरवा. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा 1487 साली फतेहउल्ला इमाद-उल-मुल्काने बांधला, तेव्हा तो बहमनींचा सुभेदार होता. वऱ्हाडची इमादशाही 1490 च्या सुमारास स्वतंत्र झाली ती त्यानंतर. आपण त्या दरवाजाची गोष्ट सांगत असाल तर आपल्या कारकुनाच्या शिदोरीत मिरची असता कामा नये, कारण मिरची पोर्तुगिजांच्या वाटेने नंतर आली. 1803 मध्ये मिरची चालेल, तुरीची डाळ आणि ज्वारीची भाकर चालेल, परंतु चहा, काडेपेटी आणि रॉकेल चालणार नाही. विस्तव चकमकीने आणि दिवा जवसाच्या किंवा मोहाच्या बियांच्या तेलाने. 'जुना काळ' असा कोणताही काळ नव्हता, हे मुलांना भाषणाने पटत नाही, पण 'या ताटातले काय उचलून ठेवू' असे विचारले की पटते.

आपल्यासाठी मला एक दिवस सुचतो. अडगाव आपल्याच बाजूला आहे. 29 नोव्हेंबर 1803 रोजी तेथे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि त्यातली काही पायदळे गाविलगडाकडे गेली. आता डिसेंबरचा दुसरा आठवडा घ्या. नरनाळ्यावरच्या कोठीत एक कारकून बसला आहे. अडगावची बातमी त्याच्यापर्यंत आली आहे. गाविलगडाचे काय होणार हे त्याला ठाऊक नाही. आपल्या गडाकडे फौज वळेल की नाही हेही ठाऊक नाही. कोठीत किती आहे ते तो पुन्हा पुन्हा मोजतो आहे. असा कारकून होऊन गेला याचा कागद माझ्याजवळ नाही, तो आपण बेतलेला आहे आणि हे सुरुवातीलाच पाहुण्यांना सांगितले पाहिजे. परंतु त्याच्या भोवतीचे सगळे, लढाईची तारीख, मापे, लिपी, धान्य, भीती, हे त्या वेळचे आहे. पुढे काय झाले असे कोणी विचारले तर पगडी काढून बाजूला ठेवा आणि आजच्या तोंडाने सांगा. तेव्हा एक समज दुरुस्त करण्याची संधीही मिळेल. दोन्ही गड 1803 मध्येच इंग्रजांचे झाले असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात देवगावच्या तहाने वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला तरी नरनाळा आणि गाविलगड लगतच्या मुलखासह त्यांच्याकडेच ठेवले गेले होते.

खरे-खोटे कसे सांभाळावे, याबाबत माझा एक नियम आहे. 'लिहिलेले आहे', 'सांगतात' आणि 'मला वाटते' असे तीनच शब्दप्रयोग मी वापरतो आणि एकमेकांच्या जागी वापरत नाही. गाविलगडाच्या लढाईबद्दल वेलस्लीची पत्रे छापलेली आहेत, तेव्हा तेथे 'लिहिलेले आहे' म्हणता येते, आणि ते शत्रूने लिहिलेले आहे हेही त्याच दमात सांगावे लागते. सिंदखेडराजाच्या रंगमहालात रंगपंचमीला लहान जिजाऊ आणि शहाजीराजे यांनी एकमेकांवर रंग उडवला आणि त्यावरून सोयरीक निघाली, ही गोष्ट तेथे गेलो की मी 'सांगतात' म्हणून सांगतो. गोड गोष्ट आहे, सोडवत नाही, सोडूही नये. वऱ्हाडाचे 1870 सालचे गॅझेटिअर आणि नंतरची जिल्ह्याजिल्ह्यांची गॅझेटिअर वाचायला घ्या, पण तीही साहेबाच्या चष्म्यातून लिहिलेली आहेत हे विसरू नका.

एका बाबतीत मी आपल्याला कळकळीने सावध करतो. मेळघाटच्या पायथ्याच्या एका आश्रमशाळेतल्या मुलाने मला सत्र संपल्यावर विचारले होते, "गुरुजी, आमचे लोक तवा कुठी होते?" तो मुलगा कोरकू होता. माझ्या कोठीत शिपाई होते, कारकून होते, किल्लेदार होते. ज्यांच्या डोंगरात तो किल्ला उभा आहे ते माझ्या दीड तासात कोठेच नव्हते. गाविलगडाचे नाव गवळ्यांवरून पडले असे सांगतात, त्यांनाही मी विसरलो होतो. धान्य कोणी चढवले याचे उत्तर बरेचसे लमाण तांड्यांपाशी आहे. खुद्द वेलस्लीची फौजसुद्धा लमाणांनी बैलांवरून आणलेल्या धान्यावर अवलंबून होती. आणि वेठ होती. पाणी कोण भरत होते आणि त्याला मोबदला काय मिळत होता, हा प्रश्न येणारच आणि तो चुकवू नये. मात्र यावरचा उपाय म्हणून आपणच कोरकूंचा किंवा लमाणांचा वेश चढवू नका. त्या समाजातल्या जाणत्या माणसाला बोलवा, त्याला मानधन द्या, त्याची बैठक आपल्या बरोबरीने मांडा आणि तो बोलत असताना आपण गप्प बसा. मला हे जमायला दोन वर्षे लागली. गप्प बसणे हा आपल्या पेशातला सर्वांत अवघड धडा आहे.

तसेच बायकांचे. निवृत्त झालेल्या एक शिक्षिका माझ्याबरोबर असतात. त्या जाते मांडतात आणि दळण दळतात. एकदा गावातल्या एक म्हाताऱ्या आजी नातवाला घ्यायला आल्या होत्या. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "सरक व माय, असं नाई दळत." त्यांनी खुंटा हातात घेतला, घास कसा घालायचा ते दाखवले आणि न विचारता ओवी सुरू केली. त्या दिवशी माझ्या मोडीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

येथवरचे एकत्र करून सांगतो, म्हणजे आपल्या प्रश्नांकडे जाता येईल: हाताला काम असलेला साधा माणूस निवडा, त्याचे एक वर्ष ठरवा, सुरुवात तृतीयपुरुषी करा, आणि जे आपले नाही ते ज्यांचे आहे त्यांना मांडू द्या.

परवानगीबद्दल. नरनाळा आणि गाविलगड ही दोन्ही केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत आणि दोन्ही मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येतात, म्हणजे पुरातत्त्व खाते आणि वन खाते या दोघांशी आपला संबंध येणार. स्मारकांच्या 1958 च्या कायद्याखालील 1959 च्या नियमांनुसार पैसे घेऊन पाहुण्यांना संरक्षित स्मारक दाखवायचे तर पुरातत्त्व अधिकाऱ्याचा परवाना लागतो. सभा-समारंभ किंवा करमणुकीचे कार्यक्रम लेखी परवानगीशिवाय करता येत नाहीत. आणि नेमून दिलेल्या जागेखेरीज स्वयंपाक करता येत नाही. चूल पेटवून भाकरी थापण्याचा बेत आपल्या मनात असेल तर तो गडावर विसरा. जंगलात विस्तव हा तर त्याहून मोठा गुन्हा आहे. लेखी अर्ज जरूर करा, परंतु त्याच्या उत्तरावर आपले पहिले वर्ष टांगून ठेवू नका. मी गडावर काम करतच नाही. पायथ्याच्या गावात एका जुन्या घराची ओसरी मला सकाळपुरती मिळते. तेथे दीड तास बसलेली मुले नंतर गड चढतात, आणि तटाजवळचे कोरडे टाके पाहून त्यांना काय वाटते ते मी त्यांच्या शिक्षकांकडून ऐकतो. ओसरी नसली तर शाळेचा व्हरांडा पुरतो, लिंबाचा पारही पुरतो.

पोशाखासाठी नाटकाच्या दुकानाकडे फिरकू नका. जाडेभरडे, हातमागाचे, न रंगवलेले कापड घ्या. गावातल्या शिंप्याकडून बाराबंदी शिवून घ्या, तिला बटण नको, बंद हवेत. धोतर, उपरणे आणि पागोटे. पागोटे रोज स्वतः बांधा, बांधलेले डोक्यावर चढवू नका, कारण बांधताना पाहणे हाच निम्मा कार्यक्रम असतो. वहाणा चांभाराकडून चामडी तळाच्या. घड्याळ, अंगठी, खिशातला फोन घरी. चष्मा मी लावतो. बोरूचे टोक चष्म्याशिवाय मला दिसत नाही, आणि मी आजचा माणूस आहे हे मी आधीच सांगितलेले असते.

मिळकतीचे उत्तर आपल्या निवृत्तिवेतनावर अवलंबून आहे, हे स्पष्ट लिहिलेले बरे. आपण 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी सेवेत लागलेले दिसता, म्हणजे जुनी पेन्शन असावी. तसे असेल तर हे काम निवांतपणे करता येईल. आपल्यानंतर लागलेल्या एखाद्या सहकाऱ्याने हाच प्रश्न विचारला असता तर मी त्याला आधी दुसरी आवक पाहायला सांगितले असते. माझा हिशेब असा: पहिल्या दोन वर्षांत कापड, मापे, कागद, पेटी मिळून सुमारे अकरा हजार रुपये गेले आणि आले चार हजार. आता शहरातल्या खाजगी शाळांकडून मी एका सत्राचे पंधराशे रुपये घेतो, तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांकडून काहीच घेत नाही, आणि शाळांच्या सहली नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच चार महिन्यांत असल्याने उरलेले आठ महिने हात रिकामा असतो. जो पैसा येतो त्यातला बराच माझ्याबरोबर बसणाऱ्यांना जातो. पावती मात्र प्रत्येक वेळी द्यावी. फुकट करतो म्हणणाऱ्या माणसाला लोक वेळेवर बोलावत नाहीत आणि वेळेवर सोडतही नाहीत, एवढा अनुभव आहे.

वयाची अडचण गुडघ्यांत आणि घशात येते. स्मरणशक्तीत येईल असे मला वाटले होते, ती आली नाही. मांडी घालून सलग दीड तास बसायचे तर आजपासून घरी जेवताना खाली बसा. आवाज वर्गातला लावू नका. वीस-पंचवीस मुलांपेक्षा मोठा गट घेतला नाही तर साध्या बोलण्याने भागते, आणि दीडशे मुलांची सहल आली तर तिचे गट पाडून फिरवा, शाळेने कितीही आग्रह केला तरी. मार्चनंतर आपल्याकडच्या उन्हात पागोटे बांधून बसण्याचे धाडस करू नये. मी एका एप्रिलमध्ये केले होते आणि मला सलाइन लावावे लागले. ते महिने मोडीला आणि वाचनाला द्यावेत.

आता कोठून सुरुवात करावी ते. कापड नंतर घ्या. आपल्या किंवा शेजारच्या घरी माळ्यावर जुनी पायली सापडेल. सापडली नाही तर आठवडी बाजारात म्हाताऱ्या दाणेवाल्याला विचारा. ती ज्वारीने भरा, हाताने सपाट करा आणि वजनकाट्यावर ठेवा. मग तीच पायली तुरीने भरून पुन्हा ठेवा. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा, कारण पहिल्याच सत्रात कोणीतरी मूल ते आपल्याला विचारणार आहे.